वर्गात बोलतंय कोण? पोरं धड्यात गुंतवायची तर आधी आपलं तोंड जरा आवरायचं

दोन-तीन वर्षांपूर्वी सहावीच्या गणिताच्या तासाला मी मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू केलं आणि फोन टेबलावर पालथा ठेवून दिला. संध्याकाळी घरी भाकरी थापता थापता ते ऐकलं आणि खरं सांगते, लाज वाटली. सगळा तास माझाच आवाज. पोरांचा आवाज म्हणजे "होऽऽ मॅडम", "समजलंऽऽ" आणि मागून खिचडीच्या पातेल्यांचा खडखडाट, बस. "समजलं का?" हे मी इतक्यांदा विचारलं होतं की मोजायचं सोडून दिलं, आणि दर वेळी उत्तर एकच. दुसऱ्या दिवशी तेच गणित आकडे बदलून दिलं तर अर्ध्या वर्गाच्या वह्या कोऱ्या.

तर पहिलं काम हेच करा, पैसे लागत नाहीत. एक तास रेकॉर्ड करा, एकट्यानं ऐका, कुणाला दाखवू नका आणि नंतर डिलीट करून टाका. त्यात फक्त एवढंच बघायचं की डोकं कोण चालवतंय, आपण की पोरं. मी खाली जे लिहितेय ते सगळं या एका प्रश्नाभोवतीच फिरतं. ट्रेनिंगमध्ये विद्यार्थीकेंद्री, ज्ञानरचनावाद, कृतीयुक्त असे शब्द पंधरा वर्षं ऐकतोय आपण, पण शाळेत आल्यावर त्याचं होतं काय तर फरशीवर रंग. २०१२ नंतर साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या एका गटातल्या शाळांचं नाव झालं, लोक गाड्या भरभरून बघायला गेले, तिथं काम खरंच चांगलं होतं, पण परत येऊन बऱ्याच जणांनी काय केलं तर फरशीवर तशाच चौकटी रंगवून घेतल्या आणि तास जुन्याच पद्धतीनं चालू ठेवला. रंग उडाला, विषय संपला.

मी बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत आहे, सातवीपर्यंत शाळा, पट कमी, एका वेळी दोन वर्ग सांभाळायचे दिवस बरेच. त्यामुळं इथं जे सांगतेय ते साठ पोरांच्या शहरी वर्गाला थोडं वाकवून घ्यावं लागेल, पण जमतं.

प्रश्न विचारला की गप्प बसायचं

हे सगळ्यात सोपं वाटतं आणि सगळ्यात अवघड आहे. अमेरिकेत मेरी बड रो नावाच्या बाईंनी १९७०च्या आसपास विज्ञानाच्या तासांची रेकॉर्डिंग्ज ऐकली, तर शिक्षक प्रश्न विचारल्यावर साधारण १ सेकंद थांबतात आणि मग स्वतःच उत्तर देतात नाहीतर दुसऱ्याला विचारतात असं निघालं. तीच थांबायची वेळ ३ सेकंदांच्या वर नेली तर पोरांची उत्तरं लांब झाली, नेहमी गप्प बसणारी बोलायला लागली, "माहीत नाही" कमी झालं. फक्त थांबल्यानं!

मी काय करते, प्रश्न विचारला की मनातल्या मनात सावकाश पाच आकडे मोजते आणि खिडकीकडं बघते. पोरांकडं बघितलं की राहवत नाही, कुणाचा तरी हात वर दिसतो आणि आपण त्याचं नाव घेतो, आणि त्याचं नाव घेतलं की बाकीच्यांची डोकी बंद, कारण आता त्यांचं काम संपलं ना. म्हणून हात वर करायची पद्धतच मी बंद केली. पहिल्या बाकावरच्या दोघीतिघी जाम रुसल्या, एकीच्या आईनं गेटवर विचारलं सुद्धा की मॅडम आमच्या पोरीला तुम्ही उत्तर कामून सांगू देत नाही. पण तेच तर दुखणं होतं, वर्ग तिघी चालवायच्या आणि मला वाटायचं वर्ग छान चाललाय.

हाताच्या जागी डबा. श्रीखंडाचा रिकामा डबा घ्या, सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाका. आधी प्रश्न, मग थांबायचं, मग चिठ्ठी. हा क्रम उलटा करू नका, नाव आधी काढलं तर बाकी सगळे निवांत होतात. आणि ज्याचं नाव निघालं त्याला येत नसेल तर "बस खाली" म्हणायचं नाही. "बरं, आपण अजून दोघांचं ऐकू, मग तुझ्याकडं परत येते" म्हणायचं आणि खरंच परत यायचं. दोघांचं ऐकून त्यानं आपल्या शब्दात सांगितलं तरी चालतं. सुरुवातीला पोरं घाबरतात म्हणून मी पहिले आठ-दहा दिवस डब्यातून नाव काढून असलेच प्रश्न विचारले ज्याला चूक उत्तरच नाही, म्हणजे "या चित्रात तुला काय दिसतंय", "आज सकाळी येताना रस्त्यात काय बघितलं". डब्याची भीती मोडली की मग गणिताकडं.

याच्या जोडीला जोडी. आधी एकट्यानं वहीत लिहायचं, अर्धा मिनिट, मग शेजारच्याशी बोलायचं, दोन मिनिटं, मग वर्गात. हे १९८१ पासून शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत आहे, नवीन काही नाही, पण आपण काय करतो तर पहिला टप्पा गाळतो आणि थेट "चर्चा करा" म्हणतो. मग जोडीतला हुशार बोलतो आणि दुसरा मान हलवतो. आधी लिहायला लावलं की दुसऱ्याकडं पण काहीतरी असतं बोलायला, चुकीचं का असेना.

बोटांचं मतदान

हे माझं सगळ्यात लाडकं, म्हणून जरा लांबण लावते.

हार्वर्डला एरिक मझूर म्हणून भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आहेत. त्यांच्या १९९०च्या सुमारास लक्षात आलं की आपले विद्यार्थी सूत्रं वापरून अवघड गणितं सोडवतात पण साधा समजेचा प्रश्न विचारला की गडबडतात. मग त्यांनी लेक्चर तोडलं आणि मध्येमध्ये पर्यायांचे प्रश्न टाकले, आधी प्रत्येकानं आपलं उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याला पटवायचं, मग परत उत्तर. त्यांच्याकडं नंतर रिमोटसारखी मशीन आली, आपल्याकडं बोटं आहेत. पर्याय १ असेल तर एक बोट, २ तर दोन, हात छातीशी धरायचा म्हणजे शेजाऱ्याचं बघता येत नाही, आणि "एक दोन तीन" म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम दाखवायचं. एका नजरेत अख्खा वर्ग कळतो, वही तपासायची गरज नाही.

सहावीला विचारलं, मोठा कोणता, १/४ की १/८? पर्याय १ म्हणजे १/४ मोठा, पर्याय २ म्हणजे १/८ मोठा, पर्याय ३ सारखेच. अर्ध्याहून जास्त पोरांची दोन बोटं! कारण आठ चारापेक्षा मोठा, पहिलीपासून तेच शिकवलंय आपण. पूर्वी मी इथं लगेच फळ्यावर गोल काढून समजावलं असतं. यावेळी फक्त म्हटलं, ज्याचं उत्तर वेगळं आहे असा कुणीतरी शोधा आणि त्याला पटवा. नुसता गलका. तीन मिनिटांनी परत बोटं, आता बहुतेकांचं एक. एक पोरगा म्हणाला, भाकर चौघात वाटली तर तुकडा मोठा येतो, आठजणात वाटली तर पोट भरत नाही. झालं, माझ्या गोलापेक्षा भारी. पण मजा पुढं आहे, मागच्या बाकावरची एक पोरगी, कधी तोंड न उघडणारी, ती म्हणाली, "पण भाकर एवढीच पाहिजे ना मॅडम दोन्हीकडं, आमच्या आज्जीची भाकर केवढी असती." अपूर्णांकात पूर्ण सारखंच असायला पाहिजे ही गोष्ट मी इतकी वर्षं शिकवताना शब्दात सांगितलीच नव्हती कधी, ती तिनं सांगितली.

विज्ञानाचा एक हमखास प्रश्न देते, उद्याच वापरा. काचेचा ग्लास, त्यात बर्फाचा खडा तरंगतोय, पाणी अगदी काठोकाठ. बर्फ पूर्ण वितळल्यावर काय होईल? एक, पाणी सांडेल. दोन, पातळी कमी होईल. तीन, तेवढंच राहील. वर्गातल्या बहुतेकांचं एक बोट येतं, आणि शिक्षकांच्या बैठकीत विचारलं तेव्हा तिथं सुद्धा तेच आलं, हसू नका. बरोबर उत्तर तीन. तरंगणारा बर्फ स्वतःच्या वजनाएवढं पाणी बाजूला सारतो आणि वितळल्यावर त्याचं बरोबर तेवढंच पाणी होतं, ते त्याच जागेत मावतं. गावातल्या कोल्ड्रिंकच्या दुकानातून बर्फ आणा आणि ग्लास टेबलावर ठेवून पुढचा तास चालू करा, पोरांचं लक्ष मध्ये मध्ये तिकडं जाणार, जाऊ द्या. एक सावधगिरी, ग्लासाच्या बाहेरून थेंब धरतात आणि कुणीतरी "सांडलं, सांडलं" करून ओरडतंच. ते थेंब हवेतल्या वाफेचे. ओरडणाऱ्याला चूक म्हणू नका, त्याला विचारा की हे पाणी ग्लासातलंच आहे हे तपासायचं कसं? आमच्याकडं एकानं सुचवलं पाण्यात रंग टाकू, बाहेरचा थेंब रंगीत आला तर ते सांडलेलं. असलं सुचतं पोरांना, आपण वाट बघितली तर.

प्रश्न निवडायचा कसा ते सांगते. सगळ्यांना येणारा प्रश्न निरुपयोगी आणि कुणालाच न येणारा पण निरुपयोगी. मझूर यांचा हिशोब असा की पहिल्या मतदानात साधारण ३० ते ७० टक्के बरोबर असतील तर शेजाऱ्याशी चर्चा कामाची. त्याच्या खाली असेल तर पोरांकडं पटवायला काहीच नाही, तेव्हा गपचूप खडू घ्यायचा आणि नीट शिकवायचं. वर असेल तर पुढं चला, वेळ घालवू नका.

गट पाडले म्हणजे गटकार्य होत नाही

सहा-सातजणांचा गट म्हणजे दोघं काम करतात, एक भांडतो, बाकीचे पेन्सिली टोकतात. चारच्या वर जाऊ नका. आणि गटप्रमुख नावाची जी पदवी आहे ती आधी रद्द करा, कारण तो प्रमुख म्हणजे नेहमी वर्गातला पहिला नंबर आणि बाकीचे त्याची जनता. त्याऐवजी चार कामं, लिहिणारा, विचारणारा म्हणजे जो सारखं "कशावरून?" विचारत राहील, वेळ बघणारा, आणि सांगणारा. दर वेळी फिरवायची. ज्याला लिहायला नीट येत नाही त्याच्याकडं लिहिण्याचं काम आलं की गट त्याला शब्द सांगतो, अक्षरं सांगतो, ते बघण्यासारखं असतं.

गटात सगळ्यांना ओढायची एक जुनी युक्ती आहे, जिगसॉ म्हणतात. १९७१ साली टेक्सासमधल्या ऑस्टिनला शाळांमध्ये गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची पोरं नव्यानं एका वर्गात आली आणि वातावरण तापलं, तेव्हा एलियट ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञानं ती काढली. कल्पना अशी की धड्याचे तुकडे करायचे, प्रत्येकाकडं एकच तुकडा, आणि पूर्ण धडा समजायचा असेल तर दुसऱ्याचं ऐकण्यावाचून गत्यंतर नाही.

मी किल्ल्यांवर केलं. गिरिदुर्ग, जलदुर्ग, भुईकोट, वनदुर्ग असे चार तुकडे. प्रत्येक गटातून एकेकजण एकेका तुकड्याचा "जाणकार". आधी सगळे गिरिदुर्गवाले एकत्र बसले आणि रायगड-राजगडावर वाचलं, जलदुर्गवाल्यांनी सिंधुदुर्ग घेतला, १६६४ ला बांधकाम सुरू झालं ते, भुईकोटवाल्यांनी चाकणचा संग्रामदुर्ग, १६६० मध्ये शाहिस्तेखानाच्या फौजेसमोर फिरंगोजी नरसाळा यांनी लढवला तो, आणि वनदुर्गवाल्यांनी जावळीतला वासोटा. मग आपापल्या मूळ गटात परत जाऊन शिकवायचं. भुईकोटवाल्यांचं काम सोपं झालं कारण आमच्यातल्या काहींनी परांड्याचा किल्ला बघितलेला, खंदक कसा असतो ते हात पसरून सांगत होते. शेवटी गटाला एकच प्रश्न, "तुमच्याकडं माणसं थोडी आणि शत्रूकडं तोफा भरपूर, तर चारातला कुठला किल्ला निवडाल आणि का?" याचं उत्तर एका तुकड्यावरून देताच येत नाही, चारी लागतात. हा शेवटचा प्रश्न जमला नाही तर जिगसॉ म्हणजे नुसतं एकमेकांना वाचून दाखवणं होतं, माझं पहिल्यांदा तसंच झालं होतं. पट चारनं भागला जात नसेल तर एका तुकड्याला दोघं लावा. आणि जे पोरगं वारंवार गैरहजर असतं त्याला एकट्याला तुकडा देऊ नका, नाहीतर ऐन वेळी गटाला वनदुर्गच नाही.

पोरांना जे येतं तिथून सुरुवात

आमच्या भागातून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला गाड्या जातात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. काही पोरं हंगामी वसतिगृहात नाहीतर आज्जीजवळ राहतात, काही आई-बापाबरोबर जातात आणि मार्च-एप्रिलला परत येतात. आली की वर्गात कोपऱ्यात बसतात, वही रिकामी, आणि आपण म्हणतो हा मागं पडला. मी पण म्हणायचे.

मागं सातवीला सरासरी शिकवत होते, पुस्तकातलं उदाहरण धावांचं, चाललं होतं आपलं. सहज म्हणून नुकत्याच परत आलेल्या एका पोराला विचारलं की एका ट्रॉलीत उसाच्या मोळ्या किती बसतात रे? तो बोलायला लागला तो थांबेना. मोळी कशी बांधतात, काटा कसा होतो, टनावर हिशोब कसा, उचल म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे कसे फिटतात, मुकादम काय सांगतो. मी म्हटलं, एका मोळीचं वजन धरू आणि गुणू. तर तो म्हणे, "मोळी सारखी नसती मॅडम, आईची हलकी बांधत्यात, बापाची जड." बघा, सरासरी कशाला लागते हे धावांच्या उदाहरणात माझ्या पोरांना कधी कळलं नसतं. मग फळ्यावर त्यानं सांगितलेली वजनं लिहिली, सगळ्यांनी सरासरी काढली, एका टनाला, म्हणजे १००० किलोला, अंदाजे किती मोळ्या ते काढलं, आणि जी पोरं कधी गावाबाहेर गेली नव्हती ती त्याला प्रश्न विचारत होती. दिवसभर त्याची मान ताठ होती.

याचा अर्थ ऊसतोडीचं कौतुक करायचं असा नाही, त्या पोराचे पाच महिने गेलेत ते गेलेतच आणि ते भरून काढायला वेगळा वेळ द्यावा लागतोच. पण "तुला काहीच येत नाही" इथून सुरुवात करण्यापेक्षा हे बरं. तुमच्याकडं ऊस नसेल, मासे असतील, भाताची लावणी असेल, शहरात असाल तर रिक्षाचं मीटर, वडापावची गाडी, आईचं शिवणकाम. पोरांच्या घरी जो धंदा आहे त्यात माप, वेळ, पैसा, अंदाज सगळं असतं. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येकाला एक पान लिहायला सांगा, "मला काय काय करता येतं". कुणी लिहितं शेळीचं दूध काढता येतं, कुणी लिहितं मोटार चालू करता येते. ते पान जपून ठेवा, टाचण म्हणजे उद्याच्या तासाची तयारी लिहिताना बाजूला घेऊन बसा. या राज्यात तर हे नवीन पण नाही, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या डोंगरावर काम करताना गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा चालवली होती, पोरं शाळेत येत नाहीत तर शाळा कुरणात नेली.

भाषेचं पण तसंच. जोडीत बोलताना पोरांना घरच्या बोलीत बोलू द्या. मेळघाटात कोरकू असेल, धडगावकडं पावरी, गडचिरोलीत गोंडी, खानदेशात अहिराणी, आमच्याकडं आमची. विचार बोलीत करायचा आणि वर्गाला सांगताना पुस्तकाच्या भाषेकडं यायचं, हळूहळू. "शुद्ध बोल" म्हटलं की पोरगं शुद्ध पण बोलत नाही आणि अशुद्ध पण नाही, गप्पच बसतं. ज्या शिक्षकांना पोरांची बोली येत नाही त्यांनी तर पोरांकडून रोज दोन शब्द शिकावेत, आपण चुकतो तेव्हा पोरं जी हसतात ना, त्या दिवशी तास चांगला जातो.

पेपर पोरांनी काढायचा

धडा संपला की स्वाध्याय सोडवा म्हणायच्या ऐवजी स्वाध्याय काढा म्हणून बघा. प्रत्येक जोडीनं तीन प्रश्न काढायचे, एक ज्याचं उत्तर पुस्तकात सरळ मिळतं, एक ज्याला विचार करावा लागतो, आणि एक असा की ज्याचं उत्तर त्यांना स्वतःलाच माहीत नाही. तिसऱ्या प्रकारात सोनं मिळतं. पावसाच्या धड्यावर एकीनं लिहिलं होतं, "ढगात पाणी आहे तर ढग खाली का पडत नाही?" मला पण दोन मिनिटं गप्प बसावं लागलं. ढगातले थेंब इतके बारीक असतात की ते फार सावकाश खाली येतात आणि वर जाणारी हवा त्यांना उचलून धरते, हे मी घरी जाऊन नीट वाचून दुसऱ्या दिवशी सांगितलं, आणि "मला काल येत नव्हतं" हे पण सांगितलं. त्यातले चांगले प्रश्न मी घटक चाचणीत घेते आणि खाली ते काढणाऱ्याचं नाव टाकते. आपला प्रश्न पेपरात आला की नाही ते बघायला तरी पोरं पेपर पूर्ण वाचतात!

घरच्या अभ्यासाला पण थोडी निवड द्या. दहापैकी कुठलीही पाच सोडव, पण तीच का घेतली ते एका ओळीत लिही. "सोपी होती म्हणून" लिहिलं तरी चालतं, खरं लिहिलंय ना.

आणि तास संपायच्या आधी तीन मिनिटं चिठ्ठी. पाठकोरे कागद चार तुकडे करून ठेवा. एका बाजूला आज काय कळलं, दुसऱ्या बाजूला कुठं अडकलो. नाव हवं तर टाका, नको तर नको. मी घरी जाताना गाडीची वाट बघत त्याच्या तीन गड्ड्या करते, कळलेले, अर्धवट, न कळलेले, आणि उद्याचा तास न कळलेल्यांच्या गड्डीपासून सुरू. याला मार्क नाहीत आणि आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे वर्षभर पोराची प्रगती टिपतो त्या नोंदीत पण नेऊ नका, एकदा का मार्काशी जोडलं की सगळेच लिहितात "सगळं कळलं".

जे मी सोडून दिलं

स्टार आणि चॉकलेट. उत्तर दिलं की स्टिकर असं एक वर्ष केलं. पोरं स्टिकर मोजायला लागली आणि ज्या दिवशी स्टिकर संपले त्या दिवशी "मग कशाला सांगू". १९७३ सालचा एक गाजलेला प्रयोग आहे, ज्या लहान मुलांना चित्र काढण्याबद्दल बक्षीस आधीच कबूल केलं होतं ती नंतर मोकळ्या वेळात आपणहून चित्र काढायची कमी झाली. मला तो प्रयोग नंतर कळला, स्टिकरचे पैसे आधी गेले.

व्हिडिओ. टीव्हीवर लावला की वर्ग चिडीचूप, आणि चिडीचूप म्हणजे गुंतलेत असं आपल्याला वाटतं. मी आता व्हिडिओ मध्येच थांबवते आणि "पुढं काय होईल" म्हणून बोटं मागते, पाच मिनिटांच्या वर लावतच नाही.

हा मुलगा बघून शिकतो, ही ऐकून शिकते, असे शिक्के. ट्रेनिंगमध्ये अजून सांगतात. त्याप्रमाणे वेगवेगळं शिकवून शिकणं सुधारतं याला भक्कम पुरावा मिळालेला नाही. सगळ्यांना सगळ्या प्रकारे दाखवा, विषय मिटला.

आणि "सगळं पोरांनी शोधून काढायचं" हा हट्ट. भागाकाराची रीत पोरं शोधून काढत बसली तर आठवी येईल. रीत नवी असेल तर मी फळ्यावर दोन उदाहरणं पायरीपायरीनं सोडवून दाखवते, सरळ, जुन्या गुरुजींसारखी, आणि तिसरं अर्धं सोडवून थांबते, पुढचं जोडीनं. विद्यार्थीकेंद्री म्हणून शिक्षकानं खुर्चीत बसायचं असं कुणी समजत असेल तर त्या तासाला सगळ्यात जास्त पायपीट होते हे आधी सांगून ठेवते.

पोर्शन, गोंगाट आणि पालक

पोर्शन कसा संपणार हा प्रश्न खराच आहे, त्यात आपल्याला ऑनलाईन माहित्या, बीएलओचं म्हणजे मतदार यादीचं काम, खिचडीचा हिशोब. म्हणून सगळे तास बदलायला जाऊ नका, आठवड्यातले दोन पुरे. जिथं पोरं दर वर्षी अडकतात ते धडे निवडा, अपूर्णांक, दशांश, उत्प्लावन म्हणजे तरंगणं-बुडणं, असे. बाकीचं सरळ शिकवा.

गोंगाटाला खूण ठरवा. मी टाळी वाजवते, दोन सावकाश तीन भरभर, पोरांनी तशीच परत वाजवायची आणि गप्प. पहिल्या आठवड्यात याचीच प्रॅक्टिस घ्या, खेळ म्हणून. मुख्याध्यापकांना आधीच सांगून ठेवा की बुधवारी तिसऱ्या तासाला आवाज येणार आहे, आणि जमलं तर त्यांनाच वर्गात बोलवून एका बोटांच्या मतदानात भाग घ्यायला लावा. बर्फाचा प्रश्न ठेवा, म्हणजे झालं.

पालक म्हणतात मॅडम खेळवतात, शिकवत नाहीत. वाद घालत बसू नका, पालकसभेत पोराला उभं करा आणि त्याला आईला शिकवू द्या. आमच्याकडं एकानं आपल्या बापाला १/४ आणि १/८ विचारलं, बापाचं चुकलं, सगळी सभा हसली, बाप पण हसला.

दोन वर्ग एकत्र असतील तर वरच्या वर्गाच्या पोरांनी खालच्यांना शिकवायचं ठरवून घ्या, पण त्यांना आधी सांगा की उत्तर सांगायचं नाही, फक्त प्रश्न विचारायचे. मोठ्यांना हे जाम अवघड जातं, दोन मिनिटांत "अरे असं नाही, दे इकडं" करून पेन हिसकावतात. मग लक्षात येतं की हे नक्की कुणाकडून शिकलेत.

सोमवारी सुरू करायचं असेल तर एवढंच करा, एक तास, एक बोटांचा प्रश्न, आणि श्रीखंडाचा डबा. आणि काढलेली चिठ्ठी परत डब्यात टाका, बाजूला ठेवू नका, नाहीतर एकदा नाव येऊन गेलेलं पोरगं पुढचा अख्खा तास खिडकीतून बाहेर बघत बसतं.